खणाच्या कोपऱ्यातली शेपटी

घर बदलताना आजोबांचं सागवानी टेबल टेम्पोत चढेना. हमाल म्हणाले, "खण काढा, वजन कमी होईल." तिन्ही खण काढून भिंतीला टेकवले, तेव्हा पहिल्यांदा त्यांचे कोपरे नीट दिसले. ज्या टेबलावर मी बाराखडी गिरवली आणि ज्याच्या खणात दहावीपर्यंत पेनं हरवली, त्याचे कोपरे मी कधी पाहिलेच नव्हते.

कोपऱ्यात एकही खिळा नव्हता. बाजूच्या फळीच्या टोकाला पंख्यासारख्या पसरट तीन जिभा होत्या. समोरच्या फळीत त्याच आकाराच्या खाचा होत्या आणि जिभा त्यात घट्ट बसल्या होत्या. तीनपैकी एक जीभ इतर दोघींपेक्षा चांगलीच जाड होती. एका ठिकाणी करवत रेघेच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर गेलेली दिसत होती. आतल्या बाजूला फिकट पेन्सिलनं दोन अक्षरं लिहिली होती: एका फळीवर 'डा', दुसरीवर 'उ'.

या सांध्याला डव्हटेल म्हणतात. डव्हटेल म्हणजे कबुतराची शेपटी. तेव्हापासून मी या शेपटीच्या मागे लागलो. आधी पटाशी घेऊन आणि नंतर, प्रामाणिकपणे सांगायचं तर, राउटर घेऊन. वायफायचा डबा नव्हे. लाकूड कोरणारं यंत्र. हा लेख त्या शेपटीचा आणि त्या यंत्राचा इतिहास आहे. 'हातानं केलेलं' या शब्दाबद्दल माझी जी समजूत होती, ती या इतिहासानं बरीच खिळखिळी केली.

शेपटी कशासाठी?

लाकूड म्हणजे लांबट तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेनं ओढलं तर ते भलतं मजबूत असतं, आडवं वाकवलं तर चटकन फाटतं. दोन फळ्यांचा काटकोनी कोपरा करताना एका फळीचं कापलेलं टोक दुसरीला भिडतं. कापलेल्या टोकावर सरस नीट धरत नाही, कारण तंतूंची उघडी तोंडं तो पिऊन टाकतात. तिथे खिळा मारला तर तो तंतूंच्या दिशेनंच आत शिरतो आणि ओढ लागली की सहज बाहेर येतो.

आता टेबलाचा खण डोळ्यांसमोर आणा. दिवसातून दहा वेळा तो समोरून ओढला जातो. आत वह्या, हिशेबाची पुस्तकं, कधी हातोडीसुद्धा. प्रत्येक ओढीत समोरची फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटायला बघते. बाजूच्या फळीच्या टोकाला शेपट्या कापल्या की त्या टोकाकडे रुंद होत जातात. त्या ज्या खाचेत बसतात, तिचं तोंड अरुंद असतं. मग कितीही ओढा, रुंद शेपटी अरुंद तोंडातून बाहेर पडत नाही. सरस सुकून भुकटी झाला तरी सांधा आकाराच्या जोरावर टिकतो. शिवाय दोन्ही फळ्यांचे तंतू कोपऱ्यावरून एकाच दिशेनं वळतात, त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही सारख्याच फुगतात आणि उन्हाळ्यात सारख्याच आकसतात. भांडण होत नाही.

शेपटीचा उतारही ठरलेला असतो. परंपरेनं मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक. म्हणजे आठ मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर तिरकस, सुमारे सात अंश. उतार कमी ठेवला तर सांधा ओढीत सरकतो. जास्त ठेवला तर शेपटीचे कोपरे नाजूक होऊन तुटतात.

ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडलेल्या पेट्यांत आणि फर्निचरमध्ये हा सांधा दिसतो. नाव मात्र प्रत्येकानं आपापल्या आभाळात बघून ठेवलं. इंग्रजांना कबुतर दिसलं. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन सुतारांना पाकोळीची शेपटी. स्पॅनिश सुतारांना घारीची. रोमन लेखक विट्रुव्हिअसनं याच आकारासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'छोटी कुऱ्हाड' असा होतो.

लपवायची गोष्ट

आज समाजमाध्यमांवर हातानं कापलेल्या डव्हटेलचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. पातळ करवत, चकचकीत पटाशी, हळूच दोन टक्के आणि सांधा बसला. बघताना वाटतं की शतकानुशतकं सुतार हा सांधा असाच पूजाभावानं कापत आले असतील.

तसं नव्हतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये खणांना डव्हटेल करण्याची पद्धत रुळली. त्याआधीचे खण बहुधा खिळे मारून जोडलेले असत. पण त्या काळच्या कारागिराला हा सांधा मिरवायचा नव्हता. खणाच्या समोरून तो दिसू नये म्हणून अर्धा झाकलेला डव्हटेल वापरला जाई. यात शेपट्या समोरच्या फळीच्या आरपार जात नाहीत, आतच थांबतात. बाहेरून फक्त गुळगुळीत फळी किंवा उंची लाकडाचा पातळ पापुद्रा दिसतो. गिऱ्हाईक त्या पापुद्र्याचे पैसे देई. सांधा ही पडद्यामागची गोष्ट होती.

म्हणूनच जुन्या खणांत घाईच्या खुणा सर्रास सापडतात. शेपट्या कमीजास्त असतात, आणि करवत रेघ ओलांडून गेलेली असते. अर्ध्या झाकलेल्या सांध्यात करवतीला पूर्ण कापता येत नाही, उरलेला भाग पटाशीनं कोरावा लागतो. करवत थोडी पुढे नेली तर कोरायचं काम कमी होतं, म्हणून सुतार ती बेधडक पुढे नेत. आजोबांच्या टेबलावरची ती पुढे गेलेली करवत मला आधी चूक वाटली होती. ती चूक नव्हती. तो दिवसाच्या मजुरीचा हिशेब होता.

यंत्राला शेपटी जमेना

माणसाच्या हातातलं कसब यंत्रात कसं भरायचं, हा प्रश्न इंग्लंडनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सोडवून दाखवला होता. पोर्ट्समथच्या नौदल गोदीत मार्क ब्रुनेलनं आखलेल्या यंत्रांवर जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनू लागल्या. ११० कुशल कारागिरांचं काम १० अकुशल माणसं करू लागली. १८०८ साली तिथे वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघत होत्या.

डव्हटेल मात्र अवघड होता. करवत सरळ कापते, गिरमिट गोल भोक पाडतं. पण आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी कोनदार खाच यंत्रानं भराभर काढायची कशी? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉटर्लू गावच्या चार्ल्स नॅपनं प्रश्नच बदलला. शेपटी कापता येत नसेल तर शेपटी नकोच. त्यानं गोल आकारांचा सांधा काढला. बाजूच्या फळीला अर्धचंद्रासारख्या कडा, प्रत्येक चंद्राच्या मध्ये एक भोक आणि त्यात बसणारी समोरच्या फळीतली गोल खुंटी. गोल आकार फिरत्या पात्याला सोपा जातो.

नॅपनं १८६७ साली पहिलं पेटंट घेतलं आणि १८७० मध्ये सुधारलेल्या यंत्राचे हक्क मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या गुंतवणूकदारांना विकले. चांगला सुतार दिवसाला १५-२० खण जोडत असे; या यंत्रावर २०० निघत, असं सांगितलं जातं. पुढची सुमारे तीस वर्षं अमेरिकेतल्या कारखान्यांच्या फर्निचरमध्ये हे चंद्र दिसतात आणि मग एकाएकी नाहीसे होतात. आज जुन्या वस्तूंचे जाणकार खण ओढून बघतात आणि चंद्र दिसले की त्या कपाटाचं वय सांगून मोकळे होतात.

चंद्र मावळले ते दोन कारणांनी. एक, शतक संपेपर्यंत खरा डव्हटेल कापणारी यंत्रं आली. दुसरं कारण आवडीनिवडीचं होतं. लोकांना पुन्हा जुन्या वळणाचं फर्निचर हवंसं झालं. नॅपचा सांधा मजबूत होता, स्वस्त होता. पण जुना दिसत नव्हता.

याच काळात इंग्लंडमध्ये उलट्या दिशेनं एक गोष्ट घडत होती. विल्यम मॉरिसच्या विचारांनी भारलेले अर्नेस्ट गिमसन आणि बार्न्सली बंधू १८९३ साली लंडन सोडून कॉट्सवोल्डच्या खेड्यांत गेले. त्यांनी फर्निचर करताना सांधे झाकले नाहीत, मुद्दाम उघडे ठेवले. कोपऱ्यावर आरपार दिसणाऱ्या शेपट्या ही त्यांची ओळख झाली. दोनशे वर्षं पापुद्र्याखाली लपवलेली गोष्ट दिवाणखान्यात मिरवू लागली.

हा योगायोग नाही. यंत्र आलं नसतं तर हाताची खूण दाखवायची गरजच पडली नसती. डव्हटेलचं सौंदर्य म्हणून आपण जे बघतो, त्याचा जन्म बराचसा यंत्राच्या सावलीत झाला आहे.

कंगवा

मग आला राउटर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रे कार्टरनं हातात धरून चालवायचं विजेचं यंत्र बनवलं. वेगानं फिरणारी मोटर, तिच्या टोकाला छोटं पातं. सुरुवातीच्या यंत्रासाठी त्यानं न्हाव्याच्या विजेच्या मशीनची मोटर वापरली, अशी गोष्ट सांगतात. १९२९ मध्ये स्टॅनली या मोठ्या हत्यार कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि राउटर छोट्या कार्यशाळांमध्ये पोचला.

नुसता राउटर हातात धरून डव्हटेल कापता येत नाही. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारं पातं जरा डगमगलं तरी फळी वाया. त्याला वाट दाखवणारा साचा लागतो. त्यालाच जिग म्हणतात. सर्वांत साधा जिग म्हणजे जाडजूड कंगवा. खणाची बाजूची फळी समोर उभी अडकवायची, समोरची फळी वर आडवी. दोन्हींवर कंगवा बसवायचा. राउटरच्या तळाला एक धातूची नळी असते. ती कंगव्याच्या दातांना घासत आत-बाहेर जाते आणि खालचं शेपटीच्या आकाराचं पातं दोन्ही फळ्या एकाच वेळी कापतं. शेपट्याही झाल्या, खाचाही झाल्या, आणि दोन्ही एकमेकींना जुळणाऱ्या.

हे वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा करायला मला पूर्ण रविवार लागला. पातं कागदाच्या जाडीइतकं खाली गेलं तर सांधा इतका घट्ट की हातोडीनंही बसेना. तेवढंच वर आलं तर इतका सैल की हातात डुगडुगे. पाच फळ्या चाचणीत गेल्या. सहावी बसली. त्यानंतरचे चार कोपरे मात्र अर्ध्या तासात झाले आणि चारही एकसारखे.

याआधी हातानं एक कोपरा करायला मला तीन रविवार लागले होते आणि तो आजही थोडा हलतो.

पण कंगवा आपली किंमत वसूल करतो. प्रचलित कंगव्यात दातांमधलं अंतर ठरलेलं असतं, सात-अष्टमांश इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. शेपट्या आणि खाचा दोन्ही सारख्याच रुंदीच्या. खणाची उंची या मापाच्या पटीत नसेल तर कडेला अर्धवट शेपटी येते आणि कोपरा विचित्र दिसतो. म्हणून लोक खणाची उंचीच कंगव्याप्रमाणे ठरवतात. सुतार हत्याराला सांगत नाही, हत्यार सुताराला सांगतं. फिरत्या पात्यामुळे खाचा आतून गोल होतात, तेही डोळ्याला लगेच कळतं.

शेवटचा किल्ला

१९७० च्या दशकात अमेरिकेत हौशी सुतारांची एक लाट आली. १९७५ मध्ये 'फाइन वुडवर्किंग' मासिक सुरू झालं. १९७६ मध्ये जेम्स क्रेनॉव्हचं पहिलं पुस्तक आलं. रशियात जन्मलेला आणि स्वीडनमध्ये सुतारकाम शिकलेला हा माणूस कमीजास्त रुंदीच्या, हातानं कापलेल्या शेपट्यांचा आग्रही होता. एकसारख्या शेपट्यांकडे आता लोक नाक मुरडू लागले. ज्या नेटकेपणासाठी यंत्र आणलं, तोच नेटकेपणा स्वस्तपणाची खूण ठरला.

जिग बनवणाऱ्यांनी हे ओळखलं. त्याच १९७६ साली डेव्हिड केलरनं ॲल्युमिनिअमच्या दोन साच्यांची पद्धत आणली. शेपट्यांसाठी एक, त्यांच्यामधल्या पिनांसाठी दुसरा. साचा सरकवून अंतर हवं तसं ठेवता येई. १९८१ मध्ये कॅनडात केन ग्रिस्लीच्या ली कंपनीचा जिग आला. त्यात प्रत्येक दात सुटा होता, सरकवून कुठेही घट्ट करता येणारा. आता यंत्रानं मुद्दाम असमान शेपट्या कापता येऊ लागल्या. शंभर वर्षांपूर्वी यंत्र हातासारखं नीट व्हायला धडपडत होतं; आता ते हातासारखं वेडंवाकडं व्हायला शिकलं.

एकच गोष्ट त्याला जमली नाही. दोन शेपट्यांमधल्या फटीतून पात्याची मान जावी लागते. ती मान काही मिलिमीटर जाड असते, पाव इंच म्हटलं तर सहा मिलिमीटर. त्यामुळे पिन त्यापेक्षा बारीक होत नाही. करवत मात्र अवघ्या एका मिलिमीटरच्या फटीतूनही जाते. म्हणून आजचे हातकाम करणारे सुतार पिन जवळजवळ सुईच्या अग्राइतकी बारीक ठेवतात. ताकदीसाठी याची गरज नाही. थोडी जाड पिन उलट बळकट. ती बारीक पिन म्हणजे लाकडात केलेली सही आहे: इथे राउटर पोचलेला नाही.

जोखीम

मग हातकाम मोठं की जिग? डेव्हिड पाय या इंग्रज प्राध्यापकानं १९६८ मध्ये या प्रश्नाची मांडणीच बदलली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइन शिकवणारा हा माणूस स्वतः उत्तम लाकूडकाम करायचा. तो म्हणाला, हात विरुद्ध यंत्र हा भेद निरुपयोगी आहे. खरा भेद जोखमीचा आणि खात्रीचा. पेननं लिहिताना प्रत्येक अक्षराला बिघडण्याचा धोका असतो, ते जोखमीचं काम. छापखान्यात पहिलं अक्षर छापण्याआधीच शेवटचं कसं येणार हे ठरलेलं असतं, ते खात्रीचं. बहुतेक कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि सुतारानं वापरलेला प्रत्येक साचा त्याला थोडं खात्रीकडे सरकवतो.

हे वाचलं आणि माझा गर्व आणि अपराधभाव दोन्ही थोडे उतरले. आजोबांच्या सुतारानं गुण्या वापरला होता, रेघ मारली होती. तेही साचेच. माझ्या जिगमध्ये जोखीम संपली नव्हती, फक्त जागा बदलून बसली होती. ती कापण्यातून जुळवणीत गेली, चार कोपऱ्यांतून त्या पहिल्या वाया गेलेल्या पाच फळ्यांत.

आपल्याकडे

पण आपल्याकडचा डव्हटेल जिगनं मागे ढकललेला नाही. भारतात १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्या आयटीआयमधल्या सुतारकामाच्या अभ्यासक्रमात हा सांधा हातानं कापायला शिकवतात. मुलं तो कापतात, गुण मिळवतात, बाहेर पडतात, आणि बाहेर प्लायवूड असतं.

प्लायवूडमध्ये एका थराचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे. शेपटीचं सगळं गणित तंतूंच्या एकाच दिशेवर उभं आहे. प्लायमध्ये शेपटी कापली की कडांचे थर सुटतात. सांध्याचं काम आता स्क्रू करतो. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेविकॉलनं गरम सरसाचं भांडं कार्यशाळेतून हद्दपार केलं. ओढीचा ताण धातूचं चॅनल घेतं. कापलेली कड पट्टीखाली लपते. ही तक्रार नाही. सागवान परवडत नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात मापाचं कपाट चार दिवसांत उभं राहतं ते याच साहित्यामुळे.

माझ्या घरी कपाटं करायला आलेल्या मिस्त्रींना मी आजोबांचा खण दाखवला. त्यांनी तो उलटा केला, अंगठा सांध्यावरून फिरवला. म्हणाले, "वडील असं करायचे. मी पोरगा असताना दोन-चार केले. आता कोण करून घेतं, साहेब? चौरस फुटावर पैसे मिळतात. कोपऱ्यावर कुणी देत नाही."

सगळा इतिहास त्या वाक्यात होता. नॅपच्या काळात पैसे खणांच्या संख्येवर होते, म्हणून चंद्र आले. कॉट्सवोल्डला पैसे सांध्यावर होते, म्हणून शेपट्या बाहेर आल्या. कसब मरतं ते यंत्रानं नव्हे. ज्या ठिकाणी ते राहतं त्या ठिकाणाचे पैसे कुणी देईनासं झालं की ते मरतं. माझ्यासारखा हौशी माणूस तीन रविवार एका कोपऱ्यावर घालवू शकतो, कारण त्या कोपऱ्यावर माझं पोट नाही. मिस्त्रींना ती चैन नाही. हातकामाचं कौतुक करताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

निघताना त्यांनी जिग बघायला मागितला. दहा मिनिटं दातांवरून बोट फिरवत उभे होते. मग विचारलं, "डावं-उजवं कसं ओळखता?"

तो जिगवरचा सर्वांत मोठा घोळ आहे. खणाचे डावे कोपरे कंगव्याच्या एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला कापावे लागतात. फळी चुकीच्या बाजूला लावली की शेपट्या अर्ध्या घरानं सरकतात आणि फळी सरपणात जाते. दोन फळ्या घालवल्यावर मी धडा घेतला होता. मी त्यांना नव्या खणाची फळी उलटी करून दाखवली.

आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, 'डा'. दुसरीवर, 'उ'.

मिस्त्री हसले. म्हणाले, "हां, मग बरोबर."